वीटभट्टीवरील एक दुपार

दप्तरात नोंदी करण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याला जे नोंदलेले नाही ते घडलेच नाही असे मानण्याची खोड जडते. माझी ती खोड मोडली टिटवाळ्यापलीकडे, काळू नदीकाठच्या एका वीटभट्टीवर, वैशाखातल्या एका दुपारी.

गावच्या कुंपणभिंतीसाठी विटांचा भाव ठरविण्यास मी डोंबिवलीहून गेलो होतो. मुकादमाशी बोलणे चालू असता, दिवाळीनंतर उचल घेऊन मुरबाडकडून आलेला एक कातकरी तरुण साच्यातून विटा पाडता पाडता मध्येच उठला, बायकोला भलत्याच नावाने हाका मारू लागला आणि ओल्या विटांच्या रांगेवरच कोसळला. "ऊन लागलं," म्हणत कोणी त्याच्या नाकाशी कांदा धरला, कोणी तोंडात पाणी ओतू लागले. मी त्याच्या कपाळाला हात लावला तो चटकन मागे घेतला. इतक्यात पाड्यावरची आशाताई धावत आली. शुद्ध हरपलेल्याच्या घशात ओतलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, म्हणून तिने प्रथम ते थांबविले. मग त्यास सावलीत नेऊन, ओली लुगडी अंगावर घालून, पुठ्ठ्यांनी एकसारखा वारा घालविला आणि टपरीवरच्या थंडगार बाटल्या काखांत व जांघांत ठेवविल्या. टेम्पोची घाई करणाऱ्या मला ती म्हणाली, "आधी गार करू द्या, काका, मग गाडीत घाला."

पारा त्या दिवशी चाळिशीलाही पोचला नव्हता. परंतु विदर्भाच्या कोरड्या उन्हात घाम वाळून देह निवतो, तसा तो आपल्या दमट हवेत निवत नाही. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश कमाल तापमान धरते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, उन्हाने १४ जीव गेले, ते साऱ्या राज्याच्या डोळ्यांदेखत गेले म्हणून मोजले गेले. भट्टीवरच्या माणसास मात्र हजार विटांमागे मजुरी. अंगावरची उचल फिटेपर्यंत दुपारी सावलीस बसणे त्याला परवडत नाही.

तरुण वाचला, तिसऱ्या दिवशी पुन्हा साच्याशी बसला. पुढील आठवड्यात विटा आणण्यास गेलो असता जुन्या सवयीने मी मुकादमाची वही चाळली. त्या दिवसापुढे एकच शब्द लिहिलेला होता : खाडा.