दोन चिलाप्या

ज्या माणसाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मासा फक्त ताटात पाहिला, त्याच्या हाती एका रविवारी सकाळी दोन अख्खे, खवल्यांसकट मासे यावेत, हा प्रसंग खरे म्हणजे विनोदी लेखकाच्या कामाचा. पण तो माझ्यावरच ओढवला, तेव्हा जमेल तसा मीच सांगतो.

वडील गेल्यावर वेंगुर्ल्याचे घर बंद करून आई आमच्याकडे सोलापुरास आली. कंपवाताने तिच्या हातातली पकड गेली होती. ज्या बाईने जन्मभर घरातला मासा दुसऱ्या कुणाला कापू दिला नाही, तिला आता विळी धरवत नव्हती. तिने कसलीच तक्रार केली नाही. ती फक्त जेवेनाशी झाली. चतकोर भाकरी, चार घास भात, की ताट बाजूला. वजन उतरत चालले. अंगी लागेल असे काही द्या, मासे खात असतील तर मासे द्या, असे डॉक्टर म्हणाले.

मी मोठ्या हौसेने पापलेट आणले. पण समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. मासा येतो तो बर्फात निजून. आईने कल्ला उचलून पाहिला. "ह्येका मरान आठ दीस झाले!" एवढे बोलून तिने पिशवी परत माझ्या हाती दिली.

उजनीचा मासा मात्र आमच्याकडे ताजा मिळतो. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले आणि त्या पाण्यावर आज कितीतरी कोळ्यांचे संसार चालतात. पण वेंगुर्लेकरणीला गोड्या पाण्यातला मासा खा म्हणणे, म्हणजे गवयाला बाजाची पेटी वाजवून दाखवण्यासारखेच. दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आणतलस तर अख्खो आण. डोळे नि कल्ले बघल्याशिवाय मी खावचंय नाय."

आमच्या घरात दुसरी एक अडचण होती. सौभाग्यवती शाकाहारी घरातली. तिने आधीच सांगून ठेवले, "अहो, गरम भाकरी मी करून देईन. पण त्याला हात लावायला मला सांगू नका."

बाजारात मासेवाल्याने दोन मिनिटांत साफ करून देतो म्हणून सुरा उचलला. मी नको म्हणताच त्याने माझ्या इस्त्रीच्या पँटकडे जे पाहिले, ते मी अजून विसरलेलो नाही.

आईने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडून घेतली. डोळे फुगीर, कल्ले लाल. मासे परीक्षेला उतरले. आता परीक्षा माझी! चिलापीच्या पाठीवरचा पर म्हणजे दाभणांची रांगच. आधी पर काप, असे आई सांगत होती; मी सवयीने पुढचे ऐकण्याआधी सुरुवात केली आणि अंगठ्यातून रक्त काढले. कात्रीने पर उतरवल्यावर खवले. मी डोक्याकडून शेपटीकडे सुरी ओढू लागलो, तशी ती नुसतीच घसरत राहिली. "उलटा, उलटा!" शेपटीकडून डोक्याकडे, तेही सुरीच्या बोथट बाजूने. मग खवले जे उडाले! चष्म्यावर, भिंतीवर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर. गुरुवारी एक तर तपासायच्या उत्तरपत्रिकेत सापडला. मासा परातीत पाण्याखाली धरून खरवडला तर एकही उडत नाही, हे आईने सांगितले ते सगळे उडून झाल्यावर. मला वाटते, तिला गंमत पाहायची होती.

पोट चिरताना मात्र ती गंभीर झाली. सुरीचे टोक जेमतेम आत, आणि काळजाशी असलेली ती हिरवी पिशवी फुटता कामा नये. पित्त सांडले की मासा कडू. पोटाच्या आतून एक काळा पापुद्रा असतो, तो मीठ लावून अंगठ्याने घासून काढायचा. कल्लेही उपटून टाकायचे.

"हाड हकडे," आई म्हणाली. मी मासा तिच्या हातावर ठेवला. तिची थरथरती बोटे शेपटीकडून वर निघाली आणि सावकाश फिरता फिरता त्यांचा कंप जवळजवळ थांबला. कंपवातात हात स्वस्थ असताना थरथर अधिक आणि कामात गुंतला की कमी, हे डॉक्टरांनी मला पुढे समजावले. त्या वेळी मी नुसता पाहत राहिलो. "हयसर ऱ्हवले," ती म्हणाली. खरोखरच पोटाखाली तीन खवले होते.

गोड्या माशाला चिखलाचा एक वास असतो. पाण्यातले शेवाळ नि सूक्ष्म जीव यांच्यापासून ते द्रव्य माशात उतरते, आणि आंबटाने ते मोडते. आईला हे शास्त्र ठाऊक नव्हते. तिने ट्रंकेतून कोकमाच्या आगळाची बाटली काढायला लावली. दोन्ही अंगांना चिरा देऊन आगळ, मीठ, हळद, तिखट चोळले आणि मासे अर्धा तास ठेवले.

त्या अर्ध्या तासात मला 'मानसोल्लास' आठवला. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या सोमेश्वर राजाचा हा ग्रंथ मी वर्गात सांगतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी. त्यांतही मत्स्यावतार आहे. राजाने गळाने मासे धरण्यावर त्यात एक आख्खा 'मत्स्यविनोद' लिहिला आहे. मी तो किती रुबाबात शिकवीत आलो होतो! आणि चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे 1952 साली आणलेला, हेही मी आईला ऐकवले.

"म्हणजे तोव भायरचोच," ती म्हणाली.

तांदळाच्या पिठात घोळवून पहिला मासा तव्यावर टाकला आणि घाईने उलटला. अर्धी कातडी तव्यालाच राहिली. "तो आपणच सुटता, मगे परत," आई म्हणाली. दुसऱ्याच्या वेळी मी हात मागे बांधून उभा राहिलो. तो सुटला; कडा कुरकुरीत, डोळा पांढराशुभ्र.

अख्खा मासा मी आईच्या ताटात वाढला. माझी पाठ वळताच तिने ताटे बदलली. फाटलेल्या माशाचे काटे ती एकेक करून बाजूला लावीत होती, वेळ लागत होता, आणि मी भाकरी मोजत होतो. एक संपली. दुसरी तिने मागून घेतली.

"बांगड्याची सर नाय," हात धुताना ती म्हणाली. मग ओट्याकडे बघून, "तवो भिजत घाल. आणि फुडच्या ऐतवारी जरा मोठे बघ."