ढिगारा आणि यादी

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी-सास्तूरकरांवर पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मी तेव्हा सेमिनरीत होतो. उपनगरांतील धर्मग्रामांतून जुन्या कपड्यांची गाठोडी निघत होती. (न मागितलेल्या कपड्यांचे पुढे काय होते, हा वेगळाच विषय!)

आपल्याकडे अशा वेळी सैन्य येते ते मुलकी प्रशासनाने पाचारण केल्यावर, त्याच्या साहाय्यासाठी. हा क्रम महत्त्वाचा. ढिगारा उपसावा, रस्ता मोकळा करावा तो जवानांनीच. किल्लारीत बघ्यांच्या गर्दीने मदतीची वाट अडवली, तेथे शिस्तीचा हात हवाच होता. परंतु कोणत्या खोलीत कोण निजले होते, हे शेजारीच सांगू शकतो. आणि मागे उरलेल्या विधवेचे नाव शिधावाटपाच्या यादीत आले की नाही, हे पाहायला सैन्य थांबत नसते. १९९४ च्या ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वांनीही परदेशी लष्करी साधने हा अखेरचा उपाय मानला, नागरी पर्याय नसेल तेव्हाचा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लष्कर, नौदल मदतीला आले. पण गल्लीबोळांत पहिला दोर टाकला तो शेजाऱ्यांनी. तेव्हापासून दर मे महिन्यात मी तळमजल्यावर राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी करून घेतो. तिची एक प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाते.