आईचा कान

फराळाच्या ताटात पहिला मान कोणाचा, ह्यावर घरोघरी वाद होतात. माझे मत विचाराल तर तो चकलीचा. लाडू काय, कोणीही खाईल. चकलीला मात्र दात लागतात, आणि तिची निम्मी चव तर त्या कुरकुर आवाजातच असते. गेल्या दिवाळीत मी पहिली चकली तोंडात घातली आणि आवाजही झाला. पण तो चकलीचा नव्हता. डाव्या कानापुढे 'कट्' झाले आणि अशी कळ गेली, की उरलेली चकली मी गुपचूप ताटात ठेवली.

"अहो, कान दुखतोय का?" पत्नीने विचारले.

"हो, कानच," मी म्हणालो.

कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा धरून पाहिले. कान अगदी निर्मळ! त्यांनी मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडले. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या बाईंनी माझीच बोटे माझ्या कानांपुढे ठेवली. "काका, आता तोंड उघडा आणि मिटा." बोटांखाली काहीतरी सरकले. वाचकहो, तुम्हीही करून पाहा. तो जबड्याचा सांधा. कानशिलाच्या हाडाच्या खोबणीत खालच्या जबड्याचे टोक बसते आणि मध्ये एक चिवट चकती असते. ती जागची सरकली, की 'कट्' वाजते. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड. त्यामुळे दोन्हीकडचे सांधे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे. एकाला सोडून दुसऱ्याला चालता येत नाही.

माझ्या डावीकडच्या खालच्या दोन दाढा १२ वर्षांपूर्वी काढल्या. 'मागच्या तर आहेत, दिसतात कोणाला?' म्हणून त्या जागी काही बसवायचे मी टाळले. हळूहळू शेजारचा दात खिंडारात कलला, वरची दाढ खाली उतरली आणि मी सारे चावणे उजवीकडे ढकलले.

"दात गेलेल्या प्रत्येकाचा सांधा दुखतो असं नाही हं," बाई म्हणाल्या. "मनाचा ताण, झोपेत दात आवळण्याची खोड, अशीही कारणं असतात."

"मग कान का दुखतो?"

"सांध्याची नस कानालाही फाटा देते. ठणका सांध्याचा, तक्रार कानाची!"

१९३४ साली जेम्स कॉस्टन ह्या अमेरिकेतल्या कान-घशाच्या डॉक्टरांनी दाढा गेलेल्या रोग्यांच्या कानदुखीचा माग असाच जबड्यापर्यंत नेला होता. त्यांनी सांगितलेले कारण पुढे टिकले नाही. नाते मात्र खरे ठरले.

हे ऐकून मी घरी आलो तो मनात आईला घेऊनच. पन्नाशीतच तिच्या दाढा गेल्या होत्या. जेवताना तिचा एक हात कानाशी असे. "कान ठणकतो रे," म्हणायची. मग आम्ही लसूण घातलेले कोमट तेल तिच्या कानात सोडायचो. किती वर्षे! पुढे ती सर्वांच्या मागून, एकटीच जेवू लागली. आम्ही म्हणायचो, आई हल्ली तुटक झाली. दिवाळीत ती खलबत्त्यात चकली कुटायची, तेव्हा आम्ही पोरे हसायचो, "आई चकलीचं पुन्हा पीठ करते!" तीही हसायची, पण तोंड मिटूनच.

तिला हेच दुखणे होते का, हे आता कोण सांगणार? पण कानापुढे अर्ध्या बोटावर हात ठेवून पाहावे, हे आम्हांला कधी सुचले नाही, हे मात्र खरे.

माझे निभावले. शेक, मऊ अन्न, लहान घास आणि जांभई आवरती. पुढे दाढाही बसवल्या. पण गेल्या दिवाळीत, त्या बाईंकडून परतलो त्याच संध्याकाळी, मी माळ्यावरून आईचा खलबत्ता काढला. दोन चकल्या कुटल्या आणि दह्यात कालवून खाल्ल्या.

चव काही वाईट नव्हती. फक्त आवाज नव्हता.