मार्थेचा ओटा

गेल्या वर्षी वसईतील आमच्या वडिलोपार्जित घराचा मागचा भाग उतरवून नव्याने बांधण्याचे ठरले. कौले गळत होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली होती. त्या वेळी माझा थोरला भाऊ मला सहज म्हणाला, "अरे फादर, सेमिनरीत इतकी वर्षे शिकलास, आता घरासाठी एवढा एक नकाशा काढून दे." धर्मग्रामात सभागृहाचे आणि शाळेच्या वर्गांचे बांधकाम मी करवून घेतलेले असल्यामुळे मलाही ते सोपे वाटले. ज्या माणसाने आयुष्यात चहापलीकडे काहीही शिजवलेले नाही, त्याने स्वयंपाकघराचा आराखडा करावा यात काही विसंगती आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

मी पुस्तके चाळली. पाश्चात्त्य देशांत या विषयाचा कितीतरी खोल विचार झालेला दिसला. १९२६ साली मार्गारेटं शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर तयार केले. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शेगडी, पाण्याची मोरी आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा विचार मांडला गेला. या त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट असावी आणि तिन्ही बाजूंची बेरीज १२ ते २६ फुटांच्या आत राहावी, म्हणजे गृहिणीची पायपीट वाचते, असे ते गणित आहे. हे गणित उत्तम जुळते ते इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या ओट्याला. तीन भिंतींना लागून ओटा, चौथी बाजू येण्याजाण्यास मोकळी, आणि मध्ये उभी राहणारी स्त्री वळली की सारे हाताशी.

मी उत्साहाने रेघा ओढल्या. खोली ८ फूट रुंद, १० फूट लांब. समोरच्या भिंतीला खिडकीखाली मोरी, उजव्या हाताला शेगडी, डाव्या बाजूच्या टोकाला फ्रीज. त्रिकोणाची बेरीज २० फुटांच्या आसपास आली. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून शेगडी खिडकीपासून दूर ठेवली होती, याचाही मला अभिमान वाटला.

नकाशा घेऊन मी एका सोमवारी घरी गेलो. वहिनींनी पदराला हात पुसून कागद पाहिला. त्यांच्याबरोबर घरात सूनबाईही स्वयंपाक करते. थोडा वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. मग वहिनींनी शांतपणे विचारले, "फादर, छान आहे. पण यात आय कुठे बसणार?"

मी निरुत्तर झालो. आईचे वय ८४. ती वॉकर घेऊन चालते. तरीही रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसल्यावाचून तिला चैन पडत नाही. लसूण सोलणे, भाजी निवडणे, सुके बोंबील साफ करणे ही कामे ती अजूनही हट्टाने करते. माझ्या नकाशात दोन्ही बाजूंचे ओटे प्रत्येकी २ फूट खोल होते. ८ फुटांतून ते वजा केले की मध्ये ४ फुटांची वाट उरते. त्या वाटेत दोन स्त्रिया काम करीत असता खालच्या कपाटाचे दार उघडले, तर वॉकरला वळायलाही जागा नव्हती. फ्रीजसाठी मी इंचाइंचाचा हिशेब केला होता. जिने मला वाढवले, तिच्यासाठी मात्र एक पाटही मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची मिस्सा दुसऱ्या धर्मगुरूंकडे सोपवली होती, म्हणून मी घरीच मुक्काम केला. सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि नुसते पाहत राहिलो. फ्रीज बाहेरच्या खोलीत होता. दीड तासात सूनबाईने तिथे एकवीस खेपा घातल्या. ओटा वहिनींच्या उंचीला फार उंच होता. कणीक मळताना त्या टाचा उचलत होत्या. गेली वीस वर्षे त्यांची खांदेदुखीची तक्रार मी ऐकत आलो होतो, प्रार्थनेचे आश्वासनही देत आलो होतो. तिचे कारण दोन इंचांच्या कडाप्प्यात आहे, हे मला कधी उमगले नव्हते.

त्या सकाळी मला बेथानीच्या घराची आठवण झाली. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांच्यावर मी कितीदा प्रवचन केले असेल! दर वेळी मी मरियेच्या बाजूने बोललो. मार्थेची धावपळ हा जणू दोषच आहे, असा माझा सूर असे. प्रभूने मार्थेच्या चिंतेला हळुवार समज दिली, हे खरेच. पण तिची मूळ तक्रार काय होती? काम आहे, ही नव्हे. काम एकटीवर पडले आहे, ही. तिचे हे वाक्य आपण पुरुषांनी कधी नीट ऐकले का? २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलै हा दिवस मार्थेबरोबर मरिया आणि लाझरस यांच्याही स्मरणाचा केला. तिघे भावंडे आता पंचांगात एका ओळीत आली आहेत. घराघरांतून मात्र मार्था अजून एकटीच उभी असते. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबेरियाच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर शिष्यांसाठी मासळी ठेवली होती, हेही आपण विसरतो.

मी जुना कागद बाजूला ठेवला आणि या वेळी पेन्सिल वहिनींच्या हाती दिली. जेवणाच्या खोलीतील दोन फूट स्वयंपाकघरात घेतले. रुंदी १० फूट झाली, मधली वाट ६ फुटांची. त्रिकोणाची बेरीज २३ फुटांवर गेली, तरी ती मर्यादेतच राहिली. वहिनींच्या कोपरापासून चार बोटे खाली माप घेतले आणि ओट्याची उंची मिस्त्रीच्या ३४ इंचांऐवजी ३२ इंच ठरली. दोन्ही कोपऱ्यांच्या खालच्या अंधाऱ्या पोकळीत सणासुदीची मोठी पातेली जातील, हे सूनबाईने सुचवले. आणि उजव्या बाजूचा शेवटचा ३ फुटांचा भाग २८ इंच उंचीचा, खाली कपाट नसलेला ठेवला. तेथे खुर्ची सरकते, गुडघे आत जातात, शेगडीही दिसते. ही आईची जागा.

फ्रँकफुर्टच्या त्या विख्यात वास्तुरचनाकार बाईंनी उतारवयात कबूल केले होते की, ते स्वयंपाकघर रचण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता. ते वाचून मला थोडा धीर आला. त्या स्वयंपाकघरावर पुढे एक आक्षेप घेतला गेला, तो असा की त्यात एकाच व्यक्तीला काम करता येते. आमच्या नव्या ओट्यापाशी आता चौघे मावतात.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आई आपल्या जागी बसली होती. शेजारी एक रिकामी खुर्ची होती. मी सवयीप्रमाणे आशीर्वाद देऊन बाहेरच्या खोलीकडे वळलो, तोच ती म्हणाली, "जातोस कुठं? बस इथं. लसूण सोल."

मी बसलो. पहिल्या दहा पाकळ्यांतच नखे दुखू लागली. आईची टोपली भरत आली होती, माझी वाटीही भरली नव्हती. वहिनी पाठमोऱ्या हसत होत्या. माझ्या तीस वर्षांच्या प्रवचनांना मिळालेले ते सर्वांत खरे उत्तर होते.