चार एमबी ते चार जीबी

विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी मेमरी लागायची. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते. २६ वर्षांत हजारपट! आता मला सांगा, आपलं पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, फोटो बघणं हजारपट सुधारलं का?

थांबा, लगेच "जुनं ते सोनं" म्हणून मान डोलावू नका. विंडोज ९५ वर एक प्रोग्राम बिघडला की बरेचदा अख्खं मशीन आडवं व्हायचं. मराठीत लिहायचं तर वेगळा फॉन्ट, आणि समोरच्याकडे तो नसेल तर त्याला दिसायची नुसती गिचमीड. आज युनिकोडमुळे हा लेख कुठेही उघडा, मराठीच दिसतो. जोडाक्षरं, वेलांट्या जागच्या जागी बसवायला सिस्टिम पडद्यामागे बरीच खटपट करते. ते वजन मला मान्य आहे.

माझा राग आहे तो फुकटच्या वजनावर. गप्पा मारायचं साधं अ‍ॅप घ्या. ते इलेक्ट्रॉनवर बांधलेलं असेल तर त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. अशी चार अ‍ॅप्स म्हणजे चार ब्राउझर! विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे एकच कोड चालतो, प्रोग्रामरचा वेळ वाचतो, हे खरं. पण बिल फाटतं वापरणाऱ्याच्या नावावर.

दुसऱ्याचा कोड उचलायची सवयही तशीच. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतला. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. तेवढ्याने बेबेलसारख्या मोठ्या प्रकल्पाचं बिल्ड अडलं.

पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच सडपातळ सॉफ्टवेअरसाठी कळकळीने लेख लिहिला होता. नुसता उपदेश नव्हे, ओबेरॉन ही आटोपशीर सिस्टिम सहकाऱ्याबरोबर बांधून दाखवली होती. ऐकलं कोणी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट मशीन्स त्या दिवशी म्हातारी ठरली. ज्याला नवा लॅपटॉप परवडतो त्याचं ठीक आहे हो. बाकीच्यांनी काय करावं? हलकं लिनक्स टाकावं हे माझं उत्तर, पण ते प्रत्येकाला जमेलच असं नाही.

म्हणून माझ्या लेखी चांगला प्रोग्रामर तो, ज्याला आपल्या प्रोग्राममधल्या प्रत्येक एमबीचा हिशेब देता येतो. किती भाषा येतात ते नंतर बघू.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर भांडा :-)