गळतीचा माग

घरात बादली जिथं ठेवलेली असते, तिच्या बरोबर वर भोक क्वचितच असतं. पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून उतारानं येतं, आडव्या पाइपाला अडतं, त्याच्या कडेनं हातभर सरकतं आणि मग टपकतं. म्हणून शहाडच्या चाळीत कुणी बोलावलं की मी आधी शिडी मागत नाही. दारं लावून दिवे बंद करायला सांगतो. भर उन्हात अंधाऱ्या खोलीतून वर पाहिलं की झिजलेल्या वॉशरभोवती, उचकटलेल्या जोडात उजेडाचे ठिपके दिसतात. भिंतीपासून अंतर मोजून ते कागदावर उतरवायचे. छपराचं निम्मं काम असं जमिनीवर उभं राहून होतं, आणि तेवढा वेळ माणूस पडण्याचा प्रश्नच येत नाही.

खालून आणखी एक गोष्ट कळते. उजेडासाठी मध्ये एखादा फायबरचा पत्रा टाकलेला असतो. वरून त्यावर धूळ बसते, कुणीतरी चंदेरी रंगही मारून ठेवतो, आणि तो लोखंडी पत्र्यात मिसळून जातो. पाय पडला की माणूस सरळ खाली. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचंही तेच. बोल्टच्या रांगेवर चालावं, कारण खाली पाइप असतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण सिमेंटवर तेवढ्यावर विसंबू नये. दोन-तीन पाइपांवर टेकेल अशी फळी टाकावी. दोर छपराच्या कैचीला बांधावा, पत्र्याच्या बोल्टला नव्हे, आणि पट्टा नुसता कमरेचा नको, सगळ्या अंगाचा हवा.

इथली झड कल्याणच्या बाजूनं, पश्चिमेकडून येते. म्हणून उतार उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर पत्रे पूर्वेकडून टाकत यावेत. मग जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. हे चुकलं की कितीही डांबर फासा, पाणी आत घुसणारच. डांबराच्या डब्यावर माझा रागच आहे. आणि भिंतीला लागून सिमेंटचा कोबा करणाऱ्यांवर त्याहून जास्त. सहा मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांनी तापला की जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतो. रात्री परत आखडतो. कोबा हे सोसत नाही, तडकतो. तिथं भिंतीत खाच मारून वाकवलेली पट्टी बसवावी. आणि ती कात्रीनं कापावी. ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर पडून राहतात आणि पहिल्या पावसात तांबेरतात.

छपरावर दगड आणि टायर ठेवण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. पण वारा पत्रा दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो तो वळचणीला आणि कोपऱ्यांत. २०२० च्या निसर्ग वादळात कोकणात किती छपरं उडाली ते आपण पाहिलं. वळचणीला आणि कोपऱ्यांत बोल्ट दाट हवेत. उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही येतो, कुणाच्या तरी डोक्यात.

ही कामं मे महिन्यातली. फोन मात्र जूनमध्ये येतात, पाणी पलंगावर पडायला लागल्यावर. ओल्या पत्र्यावर मी चढत नाही. लोक चिडतात, ‘दुसरा तयार आहे’ म्हणतात, असतोही. मी आतून ताडपत्री झोळीसारखी बांधून देतो, तिला नळी लावून पाणी मोरीत सोडतो आणि उघडीप मिळेल त्या दिवसाची वेळ देतो. ताडपत्रीचे पैसे वेगळे घेतो, त्यावरूनही वाद होतो.