एका कंदिलाभोवती

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावावं. मधला दीड तास पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. कोरोनात शाळा मोबाइलमधून भरली, पुढं ती उघडली तरी मोबाइल काही पोरांच्या हातून सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढं मांडला आणि गावानं तो ठरवून टाकला.

बी.एड.च्या वर्गात तंत्रज्ञानाच्या तासाला ही बातमी कुणीतरी वाचून दाखवली. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, उद्या शाळाशाळांत डिजिटल पॅनल येणार आणि आपण भोंगे कसले वाजवतोय. दुसरा म्हणे, असंच पाहिजे. मी मात्र सातच्या आकड्यापाशीच थांबले. आमच्याकडं फोन घरी येतो तोच मुळी सात वाजता. वडील रानात, बाजारात, कामावर. फोन त्यांच्या खिशात. शाळा बंद होत्या त्या काळात गृहपाठ दुपारी ग्रुपवर पडायचा आणि दिवेलागणीला फोन घरात आला की दोघं भावंडं त्यावर तुटून पडायची, त्यातही चार्जिंग उरलं असलं तर. म्हणजे शहरातल्या मुलाचा मोबाइलचा वेळ दिवसभराचा, आणि खेड्यातल्या कित्येक पोरांचा सातनंतरचा. वडगावच्या भोंग्यानं नेमका तोच वेळ मागून घेतला. मला ते गैर वाटत नाही. पण असल्या गावात मास्तरीण म्हणून गेले, तर गृहपाठाचा व्हिडिओ पाठवून मोकळी होणार नाही. मी दिलेला अभ्यास फोन कपाटात ठेवूनही पुरा झाला पाहिजे.

फोनशिवायचा अभ्यास म्हटलं की मला गावाकडची रेल्वेवाट आठवते. बी.एड.च्या साताऱ्याहून गावी जाताना मी शक्यतो रेल्वेनं जाते. बसचं काय, हायवे सगळीकडं सारखाच. गाडी कऱ्हाडला थांबते ती ओगलेवाडीत. गाव लांब राहतं, स्टेशन इकडं. पुढं किर्लोस्करवाडी, आणि मग भिलवडी आली की माझ्या पिशव्या खांद्याला. या एकाच रुळावरच्या दोन वाड्या, एक काचेच्या कारखान्याची आणि एक नांगराच्या. भाऊराव पाटलांनी तरुणपणी या दोन्ही कारखान्यांसाठी विक्रीचं काम केलं. ओगल्यांचा माल, किर्लोस्करांचे नांगर, आणि त्यासाठी गावोगावची पायपीट. त्या हिंडण्यातच शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं असणार. पुढं ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीला जेवणारी. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. हे आम्ही लहानपणापासून दर जयंतीला ऐकत आलो, पण आता शिक्षक व्हायच्या तोंडावर ते नव्यानं अंगावर येतं.

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या घरी होता. माळ्यावर पडून असायचा. आजीनं तो एकदा खाली काढून मला दाखवला आणि मग पुढं कितीतरी संध्याकाळी ती त्याच्याबद्दलच बोलत राहिली. कंदिलाची काच मधे फुगीर आणि दोन्ही तोंडांना अरुंद. मोठ्या माणसाचा हात आत जात नाही. म्हणून काच पुसायचं काम पोरांचं. चुलीतली बारीक राख घ्यायची, खडा नको त्यात, नाहीतर ओरखडा उठतो. मऊ फडकं बोटांना गुंडाळून हात मनगटापर्यंत आत घालायचा आणि फिरवायचा. काजळी आधी पसरते, काच आणखीच काळी होते, आणि मग एकाएकी पलीकडचं दार दिसायला लागतं. वात कात्रीनं सरळ कापायची. वाकडी कापली की ज्योत एका अंगाला चढते आणि तासाभरात काच पुन्हा काळी. रॉकेल ओतताना सांडलं तर शिव्या. पेटता कंदील असला आणि पावसाचा शिंतोडा काचेवर पडला तर तड जायची, मग नवी काच येईपर्यंत चिमणीवर भागवायचं, आणि चिमणीचा धूर थेट नाकात. आजीच्या घरी सहा भावंडं आणि कंदील एक. तो मधे ठेवायचा आणि भोवती सगळ्यांनी बसायचं. कुणाचं पुस्तक सुलटं, कुणाचं उजेडाकडं तिरकं. थोरला भाऊ पाढे म्हणायचा ते धाकट्यांना आपसूक पाठ व्हायचे. आजी तिसरीनंतर शाळेत गेली नाही, पण भावाच्या सातवीच्या कविता तिला शेवटपर्यंत येत होत्या, त्या कंदिलापाशी भाजी निवडता निवडता कानांवर पडलेल्या.

भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या रात्री मला या कंदिलावरूनच दिसतात. उजेड एक आणि पोरं पुष्कळ असली की जवळ बसावंच लागतं. शेजारी कोण, कुठल्या जातीचा, हे पाहून बसायला जागा कुठं असते? मोबाइलचा उजेड एकाच तोंडावर पडतो. शेजारच्याला त्यातलं काही मिळत नाही, उलट त्याच्या डोळ्यांत तिरीप जाते. वर्गात कुठलं यंत्र आणायचं हे ठरवताना मी हाच हिशेब धरते: याच्याभोवती किती जण बसू शकतात?

म्हणून मला वर्गातला मोठा पडदा आवडतो आणि प्रत्येकाच्या हातातलं टॅबलेट आवडत नाही. पडद्यावर बडबडगीतं लावून देणं तर मुळीच आवडत नाही. ते भडक रंग, नाकातून गाणारी कार्टून. पोरं बघत राहतात, तोंडातून शब्द निघत नाही. पाठ निरीक्षकांच्या वहीत मात्र 'शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर' असा शेरा पडतो.

दिवाळीनंतर माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंनी बोलावलं, सातवीवर एक तास घे म्हणाल्या. विषय कृष्णा नदी. मी गूगल अर्थ उघडलं आणि महाबळेश्वरच्या डोंगरावरून खाली निघाले. धोम, वाई, मग माहुलीला वेण्णा येऊन मिळते ती जागा. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. फळ्यावर ते काढून दाखवता येतं, पण वरून बघितल्यावर पोरं नुसती "अगं आई" म्हणाली. पुढं औदुंबर, मग सांगली, १९२९ चा आयर्विन पूल आणि हरिपूरला वारणा. टाचणात एवढंच होतं. पण मधल्या बाकावरचा एक जण उठला, "बाई, मागं घ्या, आमचं घर दाखवा." मागं घेतलं. मग प्रत्येकाचं घर. देऊळ, पाण्याची टाकी, दूधसंकलन केंद्र यांवरून माग काढत काढत पत्र्याचं एकेक छप्पर सापडत गेलं. एक मुलगी पडद्यापाशी आली आणि छपराच्या कडेवर बोट टेकवून म्हणाली, "इथवर पाणी होतं." २०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. त्यानंतर पडद्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. कुणाची म्हैस दावं तोडून माळावर गेली, कुणाची वह्या-पुस्तकं माळ्यावर ठेवली तरी भिजली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पोरं कोयना धरणातून पाणी कधी सोडतात यावर भांडत होती. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या, मधे एकदाही बोलल्या नाहीत.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ते कौतुकानं वाचलं. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली हे जास्त कौतुकाचं. पण मला सर्वांत जवळचं उदाहरण साताऱ्याच्याच कुमठे बीटचं वाटतं. प्रतिभा भराडे तिथं शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. त्या बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्गाची फरशीच रंगवून घेतली. अक्षरं, अंक, चौकटी सगळं जमिनीवर. पोरं त्यावर बसून खडे, काड्या, बाटल्यांची झाकणं घेऊन बेरीज करतात, शब्द जुळवतात. राज्यभरातले शिक्षक ते बघायला येऊन गेले. फरशीभोवतीही गोल करून बसता येतं. वीज गेली तरी ती बंद पडत नाही, आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही.

मला दोन्ही हवं आहे. पडदा हवा आणि रंगवलेली फरशीही हवी. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागेल तेव्हा लागेल. पण शाळा मिळाली की पहिल्या मे महिन्यात व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऑइलपेंटनं नदी काढायची, पोरांना पायांनी चालता येईल एवढी मोठी. वर्गात उपग्रहातून बघायचं आणि बाहेर येऊन आपापलं घर खडूनं तिच्या काठावर मांडायचं. कृष्णाकाठी लागले तर कृष्णा. माण तालुक्यात लागले तर माणगंगा, बहुतेक वर्षभर कोरडी, मग ती कोरडीच रंगवायची. आणि जतकडं लागले तर म्हैसाळ योजनेचं पाणी कुठून उचलतात, कुठल्या शिवारापर्यंत येतं आणि कुणाच्या बांधापाशी थांबतं, हे रंगाचा डबा उघडण्याआधी मला पोरांकडूनच समजून घ्यावं लागेल.